हौदाच्या फोटोपायी

मंडळी, आज सकाळी कसबा पेठेतल्या जुन्या दगडी हौदाचा फोटो काढायला गेले होते. लहानपणी शाळेच्या टांग्यातून तो रोज दिसायचा.

हौदाशेजारच्या नळावर एक बाई निळ्या पिंपात पाणी भरत होत्या. पिंप नेमकं फोटोत येत होतं.

"अहो ताई, दोनच मिनिटं बाजूला घ्याल का?"

त्यांनी नळ बंद केला, अर्धं भरलेलं जड पिंप ओढत कोपऱ्यापलीकडे नेलं आणि तिथेच थांबल्या. मी हौदावर ऊन यायची वाट पाहत राहिले. वीसेक मिनिटं तरी गेली असतील.

मग त्यांनी पिंप परत आणून नळ सोडला. पाणी गेलेलं होतं. आता ते उद्या सकाळीच येणार.

"फोटो तरी बरा आला का, काकू?" त्यांनी शांतपणे विचारलं.

माझ्या तोंडून नुसतं 'सॉरी' निघालं, आणि मी तिथून पळच काढला.

फोटो खाली दिला आहे. सुरेख आलाय, म्हणूनच बघवत नाही. जुन्या पुण्याच्या माझ्या एकाही फोटोत माणूस नाही. कुणाकुणाला बाजूला व्हायला सांगितलं होतं, ते दुपारपासून आठवत बसले आहे. तुम्हाला आठवतंय का कुणी, असं बाजूला केलेलं?