पंधरा ऑगस्टचं बुकिंग

अमरावतीच्या राजापेठेत, शिकवणीच्या क्लासांच्या गल्लीत शफीकचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणायला शफीकचं. तो दिवसभर लोकांच्या घरी टीव्ही उघडत फिरे आणि दुकानात बसे त्याची बायको फरजाना. शिक्षण सातवीपर्यंत, पण हात असा की रुसलेलं यंत्रही तिच्यापुढं आपसूक बोलायला लागे.

दोन हजार सहा साली तिनं दुकानातल्या कॉम्प्युटरात टीव्हीचं कार्ड बसवलं. तळहाताएवढी हिरवी पाटी ती. डब्याच्या पोटात खोचायची, मागून केबलची वायर जोडायची, सीडीतून सॉफ्टवेअर भरायचं, की टीव्हीवर लागतं ते सगळं कॉम्प्युटरात टिपून ठेवता येतं. पहिल्या दिवशी चित्र आलं तेही काळंपांढरं अन् पट्ट्यापट्ट्यांचं. शफीक म्हणाला, "हो गया कबाड़." फरजानानं सेटिंगचे सगळे कप्पे उघडून पाहिले, तर मशीनला वाटत होतं आपण अमेरिकेत आहोत. देशांच्या लांबलचक यादीतून तिनं भारत शोधून दाबला आणि बातम्या सांगणाऱ्याच्या कोटाला रंग चढला. आवाज मात्र नाही. दुसऱ्या दिवशी खोक्याच्या तळाशी एक बारीक वायर सापडली. ती जोडली तसा तो माणूस बोलायला लागला, आणि पहिलीच बोलला ती दर्यापूरकडच्या एका मयताची बातमी.

ते दिवसच तसे होते. कपाशीनं दगा दिलेला, शेतकरी जीव देत होते अन् खेड्यापाड्यांतून कॅमेरेवाल्यांच्या गाड्या फिरत. पूर्वी आपल्यातलं कोणी टीव्हीवर दिसलं तर लोक पेढे वाटत. आता दिसलं की चुलीवरचं भांडं खाली उतरवत. मग आठवड्याभरानं मयताचा भाऊ नाही तर जावई दुकानात येई अन् खाली मान घालून विचारी, "आमच्या घरचं दाखोलं होतं. सापडन का?" फरजाना बातम्या रोज टिपून ठेवायची. सीडी काढून द्यायची. तेवढ्या वेळात चहा सांगायची, अन् पडद्याकडं पाहायची नाही.

कोणाचं पोरगं केबलवर गाणार असलं तर लोक आधीच बुकिंग करून जात. सॉफ्टवेअरात तारीख, वेळ, चॅनेल भरून ठेवलं की, लाइट असली तर, मशीन आपलं आपण टिपून घेई.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देवमन आला. समोरच्या क्लासचा चौकीदार. पन्नाशीचा गडी, मूळचा हिवरखेडचा. बायको पंचफुला आणि मुलगी ज्योत्स्ना तिकडंच होत्या.

"फरजानाताई, पंधरा ऑगस्टचं बुकिंग करून ठेव."

"कोणतं चॅनेल, भाऊ?"

"आपलं अमरावतीचं, केबलवालं. सकायी आठ ते दहा. झेंडावंदन दाखोतात ना."

"ज्योत्स्ना परेडीत हाये का काय?"

"नाही. माहंच थोडं काम हाये."

"मेडल भेटून राहिलं वाटते तुमाले."

"तसंच समज," देवमन म्हणाला.

ज्योत्स्नाचं नाव नर्सच्या नोकरीच्या यादीत लागलेलं, पण एक दाखला तीन वर्षांपासून एका हापिसात अडकलेला. देवमन दर मंगळवारी तिथं जाई आणि दर मंगळवारी तसाच परत येई. मागच्या वर्षी त्यानं लिहून दिलं होतं, की झेंडावंदनाच्या वेळी मी स्वतःला जाळून घेईन. पोलिसांनी त्याला पहाटेच उचललं आणि दिवसभर ठाण्यात बसवून पोहे चारले. "शेंगदाणे कमी होते," असं त्यानं येऊन सांगितलं तेव्हा सारी गल्ली हसली होती. यंदा त्यानं काही लिहून दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

फरजानानं तारीख भरली, वेळ भरली. मग विचारलं, "सीडी कवा नेसान?"

"मी नाही नेत. पंचफुलेच्या नावानं हिवरखेडले पाठोजो." त्यानं शेजाऱ्याच्या फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. "अन् पक्कं टिपलं पाहिजे बरं. मांगं एक जण हापिसापुढे जयला, तं सायबायनं स्टोव्ह भडकला म्हणून लेहलं. टिपलेलं असलं म्हणजे मंग पोरीले कोणी नाही म्हणू शकत नाही."

फरजानानं माउस सोडून त्याच्याकडं वळून पाहिलं.

"यंदा निवेदन नाही देलं, भाऊ?"

"देलं की पोहे खा लागतात," म्हणून देवमन पायरी उतरला.

तिनं लगेच त्या नंबरावर फोन लावला. शेजाऱ्यानं ज्योत्स्नाला बोलावून आणलं.

"काल बाबाचा फोन होता ना, काकू," पोरगी म्हणाली. "म्हणे पंधराले टीव्ही लावू नोका. काहून, काय झालं?"

फरजानानं तिला सगळं सांगितलं आणि पंधराची पहिली एसटी धरायला लावली. त्याआधी येऊ नको, म्हणाली. बाप सावध होईल अन् दुसरी जागा शोधील.

शफीकला कळलं तेव्हा तो म्हणाला, "थाने में बोल दे, छुट्टी."

"इस बार पकड़ लेंगे. अगली बार वो मेरे को भी नहीं बताएगा."

चौदा तारखेला तिनं डबा उघडला, स्क्रू काढला, कार्ड उपसून जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि पिठाच्या कोठीमागं ठेवून दिलं.

पंधराला साडेसातला देवमन आला. अंघोळ केलेली, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी.

"भाऊ, कार्ड जयलं. राती लाइट गेली अन् एकदम आली." तिनं डब्याची बाजू उघडून रिकामी खाच दाखवली. पडलेल्या दाताची जागा पाहावी तसा तो वाकून कितीतरी वेळ आत पाहत राहिला.

"दुसरं?"

"नागपूरवरून बलावलं. कवा येते काय मालूम."

"म्हणजे आज टिपत नाही."

"नाही."

तो स्टुलावर बसला, पिशवी दोन पायांच्या मधे ठेवून. दुकानातल्या टीव्हीवर बँड वाजायला लागला. पिशवीतून रॉकेलचा वास दुकानभर पसरला होता. फरजानानं उदबत्ती लावली.

सव्वाआठ झाले. देवमन अर्धा उठला. "तथी इतके लोकं हायेत. कोणी ना कोणी पाहीनच."

"पाहतीन," फरजाना त्याच्याकडं न बघता म्हणाली. "अन् सांजच्याले स्टोव्ह भडकन."

तो पुरता उभा राहिला. फरजाना मोजत होती, दारापर्यंत चार पावलं, मग रस्ता, आणि रिक्षा केली तर झेंड्यापर्यंत दहा मिनिटं. मग स्टूल करकरलं. तो पुन्हा बसला होता.

दहाला झेंडावंदन संपलं. अकरा वाजून गेल्यावर ज्योत्स्ना दारात आली. तिनं बापाच्या पायांतली पिशवी उचलली, फरजानाच्या हातात दिली अन् म्हणाली, "चाला बाबा, मायनं बलावलं."

"ह्यायचं कार्ड जयलं," देवमन तिला समजावून सांगत होता.

"बरं झालं."

पायरीवरून तो मागं वळला. "सव्वीस जानेवारीपरेंत येईन ना, ताई, कार्ड?"

पोरीनं त्याचा हात घट्ट धरलेला फरजानाला दिसला. "पाहू," ती म्हणाली.

आठवड्याभरानं तो परत चौकीवर आला. कार्ड मात्र कोठीमागंच राहिलं. गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जायला लागली; शफीक कुरकुरला, मग कुरकुरायचाही थांबला. दर मंगळवारी हापिसातून येताना देवमन दुकानाशी थांबे.

"आलं का कार्ड?"

"नाही आलं. तुमचा दाखला?"

"नाही."

डिसेंबर लागला तरी हेच बोलणं चाललं होतं. बोलून झालं की तो रस्ता ओलांडून आपल्या खुर्चीकडं जाई, आणि तो खुर्चीत नीट बसेपर्यंत फरजाना दारातून हलत नसे.