राहिलेली पेनल्टी

बंद पडलेल्या स्टेडियममध्ये दोन गोष्टी पाणी न घालता वाढतात. एक बाभळी आणि दुसरे किस्से! बाभळी महापालिकेनं परवा जेसीबी लावून काढल्या. किस्से आमच्याकडेच राहिलेत, आणि आता तिथे नवं स्टेडियम होणार म्हटल्यावर ते सांगून टाकलेले बरे.

आम्ही म्हणजे उधन्याच्या जुन्या मिलवाल्यांची मंडळी. सगळे धुळे-नंदुरबारकडून पोटासाठी सुरतला आलेले आणि इथेच म्हातारे झालेले. रोज सकाळी सातला त्या मोडक्या गॅलरीत आमची बैठक असते. मी मिलच्या टीममध्ये नऊ वर्षं एक्स्ट्रा होतो आणि एकूण अकरा मिनिटं खेळलो. त्यामुळे सगळ्या मॅच नीट पाहिलेला माणूस मीच!

*

गॅलरीचीच गोष्ट घ्या. शेठनं मोठ्या हौसेनं कामगारांसाठी आठ पायऱ्यांची पक्की गॅलरी बांधली. फक्त ती बांधली फोल्डिंग खात्याच्या खिडकीसमोर. पाळी सोडून मॅचला कोण पळालंय, ते सुपरवायझरला खुर्चीतून दिसायचं.

मग काय! गॅलरी कायम रिकामी आणि गॅलरीच्या मागे चारशे माणसं उभी. एकदा शेठ स्वतः मॅचला आले, रिकाम्या पायऱ्या बघून हिरमुसले. म्हणाले, "आपल्या लोकांना फुटबॉलची आवडच नाही वाटतं!"

तेवढ्यात गोल झाला आणि पायऱ्यांच्या मागून असा आरडाओरडा उठला की शेठच्या हातातला चहा धोतरावर सांडला.

*

आता मुख्य भानगड. तीस वर्षांपूर्वीची फायनल, आमची मिल विरुद्ध शेजारची मिल. स्कोअर शून्य-शून्य, चार मिनिटं बाकी, आणि आम्हाला पेनल्टी मिळाली! मारणार होते आमचे पुंडलिकभाऊ. समोर गोलमध्ये त्यांचे जगन्नाथअण्णा, उंचीला दरवाजाएवढे.

पंच होते पाटील सर, मराठी शाळेतले पी.टी.चे मास्तर. त्यांनी निर्णय दिला आणि शेजारच्या मिलचा एक बॅक असा भडकला की त्यानं बॉलला लाथ घातली. बॉल भिंतीवरून थेट खाडीत! त्या काळी खाडीचं पाणी मिलच्या रंगानं रोज बदलायचं. त्या दिवशी ते जांभळं होतं. बॉल जांभळ्यात गेला तो गेलाच. दुसरा बॉल नव्हता.

सरांनी शिट्टी खिशात घातली. "मॅच तहकूब. संपलेली नाही!"

पुढच्या महिन्यात शेजारची मिल बंद पडली, वर्षभरात आमची. पेनल्टी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून पुंडलिकभाऊ म्हणतात, "गोलच व्हता तो!" आणि अण्णा म्हणतात, "मी धरी लेतू!" रोज सकाळी. तीस वर्षं!

*

मॅच संपली नाही म्हणून कपही कुणाला मिळाला नाही. तो सरांच्या घरी गेला. सर घरच्या बाईंना म्हणाले, "हा कुणाचाच नाही, जपून ठेव."

बाईंनी जपला. त्यात पोहे भरून ठेवले! पुढे कधीतरी पुंडलिकभाऊ सरांकडे गेले, फळीवर कप पाहिला आणि त्यांना भरून आलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाऊ, हलवू नका, तळाशी भुगा आहे."

*

मिल गेल्यावर गॅलरी बायकांच्या कामी आली. आसपासच्या घरांत साड्यांवर खडे चिकटवायचं काम चालतं. डिंक ओला असेपर्यंत साड्या पायऱ्यांवर वाळत पडायच्या. आम्ही सकाळी जाऊन त्याच पायऱ्यांवर बसायचो.

एकदा अण्णा बैठकीतून उठून तसेच एका व्यापाऱ्याच्या बेसण्याला गेले. म्हणजे गुजराती लोक माणूस गेल्यावर शोकाला बसतात, तिथे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, चेहरा गंभीर. फोटोला नमस्कार करायला वाकले आणि मागे बसलेल्या सगळ्यांना दिसलं की पँटच्या मागे दीड-दोनशे खडे लखलखताहेत!

कुणी हसलं नाही, सुरत आहे ही. मयताचा मेव्हणा हळूच सरकून अण्णांच्या कानाशी आला, पत्ता विचारायला. "भाई, आ वर्क क्यां कराव्युं?"

*

पुंडलिकभाऊंच्या सुनितानं आणि अण्णांच्या मुलानं आपापसात लग्न ठरवलं. सुपारी फोडायच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी जमली. अण्णा खाकरले. "आमची एकच अट आहे."

मुलीकडचे सगळे सावरून बसले. सुनिताच्या आईनं पदर घट्ट धरला.

"ती पेनल्टी मी अडवली असती, एवढं व्याह्यांनी चारचौघांत मान्य करावं."

पुंडलिकभाऊ ताडकन उठले. बायको मागून कुजबुजली, "म्हणून टाका ना! तोंडानं म्हणायला काय जातं?"

"मुलगी देतो," भाऊ म्हणाले, "पेनल्टी देणार नाही!"

लग्न झालं. पेनल्टी तशीच राहिली.

*

आणि मग यंदा महापालिकेची नोटीस लागली. जुनं पाडून नवं स्टेडियम! मैदानाची दिशा फिरणार आणि खाडीकडचा गोल होता तिथे पार्किंग येणार. कुणाची हरकत असेल तर महिन्याभरात लेखी द्यावी. हरकतीला इथे वांधा अरजी म्हणतात.

नोटीस वाचून पुंडलिकभाऊ दोन दिवस बैठकीला आलेच नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, "तिथं गाड्या लागतील रे. मग मी कुठं मारू?" त्यांचा आवाज असा होता की मला थट्टा सुचली नाही. मला हे क्वचित होतं.

मी ते सरांना सांगितलं. महिना संपला तेव्हा महापालिकेत एकच वांधा अरजी आली होती. अर्जदार पाटील सर. कारण: "सदर मैदानावर एक मॅच अपूर्ण असून पेनल्टी किक बाकी आहे. ती होईपर्यंत खोदकाम करू नये."

इंजिनियर मेहुलभाई तरुण आणि सज्जन. सुनावणीला त्यानं अर्ज तीनदा वाचला. "काका, रेफ्री तमे ज हता?"

"मीच."

"तो तमे ज पूरी करी दो ने!"

"खेळाडू तयार आहेत," सर म्हणाले. "बॉल आणा."

फाईल बंद करायची म्हणून बिचाऱ्यानं स्वतः जाऊन बॉल आणला. एक!

*

रविवारी सकाळी नऊ वाजता आयुष्यात पहिल्यांदा गॅलरी भरली. दोन्ही घरची माणसं, साडीवाल्या बायका, आणि सरांच्या बाई पोहे काढून घासलेला कप मांडीवर घेऊन. भिंतीशी जेसीबी इंजिन चालू ठेवून उभा.

दोन्ही घरी आदल्या दिवशी काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. भाऊंना बायकोनं बजावलं होतं, "मुलीचं सासर आहे, व्याह्यांचा मान ठेवा." अण्णांना त्यांच्या बायकोनं, "सुनेचा बाप आहे, मन मोडू नका."

भाऊंनी बॉल ठेवला, दोन पावलं आले आणि अगदी हळू, अण्णांच्या हातात जाईल असा ढकलला. अण्णा तोवर दुसऱ्या बाजूला आडवे झाले होते! बॉल गवतातून रमतगमत निघाला आणि रेषेच्या वीतभर अलीकडे थांबला.

अण्णा पडल्या पडल्या ओरडले, "गोल! गोल झाला, व्याही!"

"छे छे, तुम्ही अडवली!" भाऊ म्हणाले.

"कसली अडवली! गोल आहे!"

"अहो, अडवलीत म्हणतो ना!"

सुनिता गॅलरीतून उभी राहिली. "बाबा! अण्णा! दोघांनीही मुद्दाम केलं! तीस वर्षं आमचं डोकं खाल्लंत ते याच्यासाठी?"

सर शांतपणे पुढे आले आणि बॉल उचलून परत जागेवर ठेवला. "ही हिशेबात नाही. मी शिट्टीच वाजवली नव्हती."

भाऊंनी चपला काढल्या आणि या वेळी आठ पावलं मागे गेले. अण्णा तळहातांवर थुंकले. दोघांच्या चेहऱ्यावरून व्याही कुठल्या कुठे पळाला!

शिट्टी वाजली. भाऊ धावले आणि त्यांनी बासष्टाव्या वर्षी जी लाथ घातली, ती मी जन्मात विसरणार नाही. बॉल दांड्यावरून गेला, भिंतीवरून गेला आणि खाडीत पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

भाऊ कमरेवर हात ठेवून त्या दिशेला बघत राहिले. मग हसायला लागले. अण्णाही हसत हसत आले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "तरी मी धरी लेतू!"

मेहुलभाईनं लगेच अर्ज आणि पेन सरांपुढे धरलं. "काका, पेनल्टी थई गई. हवे सही?"

सरांनी घड्याळ पाहिलं.

"पेनल्टी झाली. आता गोलकिक. चार मिनिटं बाकी आहेत. बॉल आणा."

मेहुलभाईनं जेसीबीवाल्याकडे पाहिलं. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पँट दुमडत खाडीकडे निघाला.