सासऱ्यांचं स्ट्राँग दार

माझ्या सासुरवाडीत मराठीतली बरीचशी विशेषणं मोडीत निघाली आहेत आणि त्यांच्या जागी एकच ठेवलं आहे : स्ट्राँग. चहा स्ट्राँग, मिरची स्ट्राँग, बोकड स्ट्राँग, सरपंच स्ट्राँग, फार काय, देवसुद्धा स्ट्राँग! ("आमचा खंडोबा लई स्ट्राँग हाय.") जावई तेवढा नाजूक.

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आम्ही संगमनेरजवळच्या त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. नुकतंच त्यानं शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उचललं होतं. म्हणून सासऱ्यांनी शेळ्यांच्या गोठ्याला नवं पत्र्याचं दार बसवलं होतं. दार लोटलं की बाहेरची कडी आपोआप पडायची.

"हत्ती आला तरी हालायचं न्हाई. स्ट्राँग काम हाय!" सासरे म्हणाले.

दिवस मावळायला आला. "शेळ्या आत गेल्यात, दार तेवढं लोटून येतो," मी म्हणालो.

"आवं दाजी, तुमी कशाला? मान हाय तुमचा," मेहुणा संतोष हसला. "आन् बिबट्या दिसला तर?"

हे मला झोंबलं. आतल्या खोलीत पडतो असं सांगून मी मागच्या दारानं गोठ्याकडे निघालो. दारापाशी पोचलो आणि उसात खसखस झाली. पुन्हा खसखस, अगदी जवळ! मी आत उडी मारली आणि दार ओढून घेतलं. बाहेर कडी पडली. वाचलो!

मग लक्षात आलं, कडी बाहेरून पडली आहे. आणि माझ्या मानेवर कुणीतरी गरम श्वास सोडतंय. (बोकड होता. पण हे मला नंतर कळलं.) मी जिवाच्या आकांतानं दाराला लाथा घातल्या. शेळ्या बोंबलू लागल्या.

"दार आदळतंय!" अंगणातून सासरे ओरडले. "आत घावला बिबट्या!"

"मी आहे, मी!" असं मला म्हणायचं होतं. पण भीतीनं घसा असा बसला होता की नुसती घरघर बाहेर पडली.

"ऐकलं का? गुरगुरतोय!" संतोष म्हणाला.

"वैशे, जावयाला उठीव!" सासरे म्हणाले.

"नको दादा, झोपू द्या. भितील ते," माझी बायको वडलांना म्हणाली.

"फटीतून मिरचीची धुरी सोडा," सासूबाईंनी उपाय काढला. "औंदाची मिरची लई स्ट्राँग हाय. बिबट्याचा बाप पळंल!"

"पळंल कुटं? दार बंद हाय!" संतोष म्हणाला.

"मंग आदी धुरी, मंग दार उघडून कोयतं. बाहेर आला की हाणायचंच!" सासरे गरजले.

आता मला बिबट्याची भीती उरली नव्हती, सासऱ्यांची वाटत होती. ज्या घरात सकाळी माझं औक्षण झालं, त्याच घरात संध्याकाळी माझी खांडोळी होणार! मी बोकडाच्या गळ्यात पडलो. तेवढ्यात धुरी आली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मग पत्रा हादरेल अशी शिंक : "हाऽऽक्छी! आई गं!"



"थांबा!" बायको किंचाळली. "ही शिंक आमच्या ह्यांची हाय!"

दार उघडलं. आधी शेळ्या पळाल्या, मग बोकड, सगळ्यात शेवटी मी. समोर कोयते घेतलेली सासुरवाडी उभी. तेवढ्यात उसातून खसखस झाली आणि सासूबाईंची तांबडी कोंबडी बाहेर आली.

"हिला भ्याला व्हय?" सासऱ्यांनी विचारलं. मी पुन्हा शिंकलो, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर त्या दाराला आतूनही एक कडी बसवलेली, बरोबर माझ्या हाताच्या उंचीवर. गावातून कुणी बघायला आलं की सासरे अभिमानानं सांगतात, "भाईरची बिबट्यासाठी, आतली जावयासाठी. दोनी स्ट्राँग!"