वरवंट्याचं होल्स्टर

शनिवार, १० मे. हातातलं काम : नवऱ्याचं नवं होल्स्टर सैल करणे.

हे काम माझं नव्हतं. पण जे काम माझं नसतं, ते मी आधी करते. आमचे हे फौजेतून निवृत्त झाल्यापासून घरीच होते. घरी म्हणजे स्वयंपाकघरात. डबे उंचीप्रमाणे लावायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि मी पोळी लाटायला बसले की "मनगट सरळ" म्हणायचं. शेवटी मी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलले : बाप्पा, आमच्या घरातलं एक माणूस सकाळी दहा ते रात्री आठ बाहेर राहू दे. बाप्पा पावला. जळगावातल्या एका सराफाने ह्यांना पहाऱ्यावर ठेवलं. सोमवारपासून, दहा ते आठ!

अट एकच. पहिल्या दिवशी सगळा सरंजाम नीट पाहिजे. आणि ह्यांच्या परवान्याच्या पिस्तुलासाठी आणलेलं चामडी होल्स्टर इतकं घट्ट, की पिस्तूल आत घालायला दोन माणसं लागायची आणि बाहेर ओढलं की सोबत पँटही वर यायची. आरशासमोर सराव करता करता हे काखेपर्यंत पँटीत गेले.

दुकानदाराने सांगितलं होतं, पिस्तूल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, चामडं आपोआप सैल होईल. मी म्हटलं, रविवारी नातवाचं बारसं आहे, घरात तान्हं बाळ आहे, पिस्तूल कपाटातून बाहेर येणार नाही. शिवाय चामड्याचं मला कोणी शिकवू नये. पोरांच्या चपला-बूट सगळे मीच सैल केलेत. चामडं भिजवायचं, आत काहीतरी जाडजूड कोंबायचं आणि उन्हात टाकायचं. जाडजूड म्हणून पाट्यावरचा वरवंटा घेतला, बुक्क्या मारून आत बसवला आणि गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवून दिला.

जळगावचं मे महिन्यातलं ऊन ते! संध्याकाळपर्यंत कुरडया वाळल्या, तसं होल्स्टरही वाळलं, आणि वरवंट्याला असं आवळून बसलं की तो कातडीसकट जन्मला असावा. मी ओढलं. ह्यांनी ओढलं. मग मी होल्स्टर धरलं, ह्यांनी वरवंटा धरला आणि आम्ही दोघं गच्चीभर फिरलो. हे म्हणाले, तेल लाव. लावलं. आता ते हातातूनही निसटायला लागलं.

रविवारी सकाळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा लागतो! त्याला टोपडं घालून, गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याखालून फिरवतात आणि मग बाळाची पाळी. शेजारी दुसरा वरवंटा विचारून आले, तर कॉलनीत घरोघरी मिक्सर. मुलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या धुळ्याच्या विहीणबाई, रीतीच्या पक्क्या; त्यांच्यासमोर लाटणं चालणार नव्हतं. मी होल्स्टरसकट वरवंट्याला झबलं चढवलं, टोपडं बांधलं, काजळाची तीट लावली. (खरं सांगते, नातवापेक्षा रुबाबदार दिसत होता.)

विहीणबाईंनी त्याला पाळण्याखालून हातात घेतलं आणि त्या थांबल्या. झबल्यातून पितळी बटण आणि चामड्याचा पट्टा लोंबत होता.

"हाई काय शे, विहीणबाई?"

"फौजीच्या घरची रीत आहे, वरवंट्याला पिस्तुलाचं होल्स्टर घालायचं," मी म्हणाले. (अशी रीत हिंदुस्थानात कुठेही नाही.)

हे पंख्याकडे बघायला लागले. विहीणबाई मात्र विचारात पडल्या आणि मग चक्क खूश झाल्या.

"मंग पिस्तूल बी दखाडा. रीत शे, तं बठ्ठी करा."

बठ्ठी म्हणजे सगळीच्या सगळी. झाली पंचाईत. पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून दाखवायचं आणि होल्स्टरमध्ये तर वरवंटा! विहीणबाईंनी झबलं वर करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या की ओलं करून घातलंय तर ओलं करूनच निघेल. बादलीत बुडवून ठेवलं. थोड्या वेळाने वरवंटा सुळकन बाहेर आला.

ह्यांनी ते होल्स्टर कमरेला लावलं आणि कपाटातलं रिकामं पिस्तूल आत सोडलं. मी म्हणाले होते ना? लोण्यासारखं गेलं! नेमके तेव्हाच सराफशेठ पेढे घेऊन दारात आले. ह्यांनी त्यांना कडक सलाम ठोकला आणि पाळण्यातल्या नातवाकडे वाकले. पिस्तूल त्याच लोण्यासारखं बाहेर आलं आणि घुगऱ्यांच्या पातेल्यात पडलं.

पातेल्यात डोकावून विहीणबाईंनी विचारलं, "हाई बी रीत शे का?"

शेठ घुगऱ्या न खाताच उठले. जाताना ह्यांना म्हणाले, "नाना, आठ दिवसांनी या. मापाचं होल्स्टर घेऊन."

सोमवारी सकाळी मी वरवंटा घासून धुतला आणि चटणी वाटायला बसले. चटणीला चपलेचा वास येत होता. हे मागे येऊन उभे राहिले.

"मनगट सरळ."

मी वरवंटा खाली ठेवला आणि दहाच्या ठोक्याला विहीणबाईंबरोबर धुळ्याच्या बसमध्ये जाऊन बसले. नवं होल्स्टर निवडायला. ह्यांना सांगितलं, नीट बघून घ्यायचं तर परत यायला आठ वाजतील. बाप्पाने आपला शब्द पाळला होता. दहा ते आठ बाहेर राहणारं माणूस कोणतं, ते मीच नवसात नीट सांगितलं नव्हतं.