इरॉस तोंड का लपवत होता

सौदीतल्या जुबैलला कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांच्या घरात मी अठरा वर्षे एकटा राहतो आहे. पत्नी नाशिकला, शाळेत शिक्षिका. सुरुवातीला तिने इकडे येण्याचा विषय काढला, तेव्हा मी सांगितले की माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, हुद्दा टेक्निशियनचा आहे आणि त्या हुद्द्यावर कुटुंबाला व्हिसा मिळत नाही. ते खोटे होते. हुद्दा इंजिनिअरचाच होता; अर्ज मी कधी केलाच नाही. वर्षातून एक महिना नवरा असणे मला पुरेसे वाटे, आणि उरलेले अकरा महिने कोणाला उत्तर द्यावे लागत नसे. एवढ्याशा आळशी सुखासाठी मी ते बोललो. तिने दोन-तीन वर्षे विचारले, मग विचारणे सोडले.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी ती फोनवर शाळेच्या नाटकाबद्दल बोलत होती. सातवीच्या मुलींसाठी तिने ग्रीकांच्या प्रेमदेवाची, इरॉसची कथा निवडली होती. इरॉस बायकोकडे फक्त अंधारात येतो. माझा चेहरा पाहायचा नाही, अशी त्याची अट असते. एकदा ती दिवा लावून पाहते, कढत तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि तो तिला सोडून जातो.

"मुली विचारतात, बाई, देव असून तोंड का लपवत होता? काय सांगू, अहो?"

"असेल काही अडचण," मी म्हणालो.

"हो, त्याच्याही इकाम्यावर टेक्निशियन लिहिलं असेल!" ती हसली.

त्या हसण्यात संशयाचा लवलेश नव्हता. माझे खोटे तिने इतक्या निमूटपणे स्वीकारले होते की आता त्याची थट्टाही करता येत होती. ते पुढे रेटण्याचे त्राण माझ्यात उरले नाही. मी तिला सगळे सांगितले.

ती म्हणाली, "म्हणजे मी येऊ शकत होते."

"हो."

"कधीही?"

"कधीही."

"आता गुडघे गेले माझे. आता बोलावू नका, मी यायची नाही."

मी क्षमा मागू लागलो.

"ते राहू द्या. कॅमेरा लावा. मी कुठे राहिले असते, ते घर तरी बघू द्या."

फोन हातात धरून मी दोन्ही खोल्यांतून फिरलो. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिने मला थांबवले.

"इथे संध्याकाळचं ऊन येतं का हो?"

अठरा वर्षांत मी ते कधी पाहिलेच नव्हते.