टेकाडावरचं वेत

गावातले सगळे त्यांना मामा म्हणत. जावईही मामाच म्हणे, पण त्याला निदान नात्याचा आधार होता. मामांनी उभा जन्म डुकरं राखली, आणि तीही मोकळी: घरामागच्या टेकाडावर, झाडांखाली, चिखलात. सकाळी फाटक उघडायचं, संध्याकाळी बादली वाजवायची, की डुकरं आपसूक परत. मधल्या वेळात ती काय करतात हे मामांनी कधी विचारलं नाही. डुकरांनीही मामांना विचारलं नाही. दोन्हीकडून समाधान होतं.

मोकळ्या डुकरांविषयी गावाचं मत फार चांगलं आहे. ती होती तेव्हा ते इतकं चांगलं नव्हतं. कोणाच्या परसात डुक्कर शिरलं की लोक दगड घेऊन धावत आणि मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. टेकाड रिकामं झाल्यावर मात्र तेच लोक खाटकाच्या दुकानात उसासे टाकू लागले, "पूर्वीच्या मांसाला चवच वेगळी होती हो. उन्हातलं, हिंडतं-फिरतं जनावर ते!" खाटीक सुरी पुसत विचारी, "मग मोकळ्यावरचं देऊ? जरा महाग पडेल." यावर लोक म्हणत, आज राहू दे.

टेकाड रिकामं केलं ते लेकीने. शेड जावयाने बांधली हे खरं, पण जावयाचे हात आणि तिचं डोकं, अशीच त्या घरातली वाटणी होती. लांबलचक पत्र्याची शेड, भिंतीत पंखे, आत लोखंडी पिंजऱ्यांच्या दोन रांगा. विणारी डुकरीण पिंजऱ्यात उभी राहू शकते, आडवी होऊ शकते, वळू शकत नाही. त्यामुळे पिल्लं अंगाखाली सापडत नाहीत. मामा आत जाऊन पाणी बघत आणि बाहेर पायरीवर येऊन बसत. त्यांना एकच गोष्ट बघवत नसे. वीण जवळ आली की डुकरिणी खालची लोखंडी जाळी पायाने उकरू लागत. तोंडाने, नसलेला पेंढा गोळा करत. घरटं बांधत, कशाचंच नाही ते.

"दुसरी शेड टेकाडावर," एक दिवस जेवताना लेक म्हणाली. "झाडं काढली की जागा पुरते."

मामांनी घास खाली ठेवला. "एकीला बाहेर विऊ दे."

"बाबा, पुन्हा तेच?"

"एकीलाच. पिल्लं जगली तर टेकाड ठेव. नाही जगली, तर खुशाल पाडा झाडं. मी एक अक्षर बोलणार नाही."

"बोलणार नाही?" जावई म्हणाला. "मामा, एवढ्यासाठी तरी मी तयार आहे."

लेक हसली नाही. "शाळेत जायच्या आधी मी बादली घेऊन टेकाडावर जायचे, आठवतं? आईखाली चिरडलेली पिल्लं उचलायला. थंडीत तर बादली भरायची. तुम्ही काय म्हणायचात?"

मामांनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं.

"'निसर्ग आहे, बाळ.' निसर्ग होताच. पण बादली माझ्या हातात होती ना!"

आल्यागेल्याला शेड क्रूर वाटे. ती दयेपोटी बांधली आहे असं लेकीने सांगितलं असतं तरी कोणी मानलं नसतं, म्हणून तिने कधी सांगितलंही नाही. ताट सरकवत ती म्हणाली, "एक वेत. एकच."

मामांची स्वतःची डुकरं केव्हाच विकली गेली होती. त्यांनी शेडमधलीच एक पहिलटकरीण निवडली, चपळ आणि चौकस. डुकराला डुकरपण शिकवावं लागत नाही, असा त्यांचा हिशेब. टेकाडावर त्यांनी खोपी उभारली, आत कोरडा पेंढा पसरला आणि शेडचं दार उघडलं.

डुकरीण उंबऱ्यावर थांबली. एक पाय मातीवर टेकला आणि मागे घेतला. पायाखालचं काही दबतं हे तिला ठाऊक नव्हतं. मामांनी बादली वाजवली. ती दचकून आत वळली.

"मामा, हिचं खाणं नळीतून येतं," जावई म्हणाला. "हाक मारायची तर नळी वाजवा."

शेवटी फळी लावून ढकलली, तेव्हा ती बाहेर आली. टेकाड चढलीच नाही. भिंतीलगतच्या सिमेंटच्या पट्टीवर, कोपऱ्यात नाक खुपसून उभी राहिली. कुंपणाशी जमलेल्यांपैकी एक बाई गहिवरून म्हणाली, "बघा कशी खुशीत आहे! मोकळं ते मोकळंच."

दुपारी तिने सिमेंट उकरायला घेतलं. मामा धावतच खोपीकडे गेले, कवेत मावेल तेवढा पेंढा आणून तिच्यापुढे टाकला. तिने हुंगला. मग एक तोंडभर उचलला, पायाशी ठेवला. आणखी एक उचलला.

"अगं, बघ! ये इकडे, बघ!" मामा ओरडले. लेक आली. डुकरीण घरटं बांधत होती, वेडंवाकडं, अर्धं भिंतीवर चढलेलं. लेकीने ओठ दाबून धरले होते. त्या घटकेला तिलाही हरायचं होतं, असं जावई पुढे म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं धडधाकट जन्मली. घात नंतर झाला. पिंजऱ्यात बसताना लोखंड अंगाला लागतं आणि जनावर सावकाश टेकतं. इथे लोखंड नव्हतं. ती जन्मभराच्या सवयीने, लोखंडाच्या भरवशावर, धपकन बसली. किंकाळी ऐकून उठली आणि घाबरून पुन्हा तशीच बसली. मामा गुडघ्यांवर रांगत हातांनी पिल्लं ओढून काढत होते, पण हात दोनच. ऊन उतरेपर्यंत तीन उरली. ती जावयाने सदऱ्यात गुंडाळून आत दुसऱ्या डुकरिणीला लावली.

लेक बादली घेऊन आली. एकेक उचलू लागली. बोलली असती तर मामांना सोपं गेलं असतं.

तोवर डुकरीण उठून शेडच्या दाराशी गेली होती आणि नाकाने पत्रा ढकलत होती. मामांनी दार उघडलं. ती दोन रांगांमधून सरळ चालत गेली, कुठे अडखळली नाही, आणि स्वतःच्या पिंजऱ्यात जाऊन तोंड पुढे करून उभी राहिली.

"झाडांसाठी उद्या माणसं बोलवू?" जावयाने हळूच विचारलं. मामा बोलले नाहीत. तसं ठरलंच होतं.

लेकीच्या हातात भरलेली बादली होती, त्यामुळे पिंजऱ्याची कडी मामांनीच घातली. नीट बसली आहे ना, म्हणून एकदा ओढूनही पाहिली.