मुलाचे काळे केस

बायको गेल्यावर मी अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडे राहायला आलो. पन्नाशीचा घोडा बाथरूमचं दार लावून केस काळे करतो हे बघून मला वाटलं, बाहेर काहीतरी लफडं आहे. सरळ विचारलं, "कुणासाठी रे?"

"नोकरीसाठी, बाबा. टीममध्ये सगळी पोरं आहेत. म्हातारा दिसलो तर आधी मला काढतील."

मला काही पटलं नाही. मग म्हणाला, "आणि व्हिडिओवर मीटिंग चालू असली की माझ्या मागून जाऊ नका. आपला चेहरा अगदी एक आहे."

पोरगं बापावर गेलंय, असं त्याची आई कौतुकानं चारचौघांत सांगायची. आता तेच लपवायचं.

नोकरी टिकायला पाहिजे, म्हणून मीटिंगच्या वेळी मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतो. पण तो साहेबाला भितो की माझ्यासारखा होण्याला, ही शंका काही जात नाही.